पाणी कितव्या पायरीला?

आमच्या कुर्ल्याच्या चाळीत पाऊस कधी मिलिमीटरमध्ये मोजला गेला नाही. तो पायऱ्यांत मोजला जायचा. रस्त्यावरून ओट्यावर चढायला पाच पायऱ्या होत्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहायचे: 'पाणी दुसरी पायरी, दु. ४. भरती. लाइट गेली.' त्याच चौकोनांत दुधाचे खाडे असायचे, सिलिंडर लावल्याची तारीख असायची, कुणाच्या तरी बारशाची आठवण असायची. वर्ष संपलं की कॅलेंडरची गुंडाळी माळ्यावर जायची.

२००५ ची गुंडाळी माळ्यावर नाही. त्या वर्षीचं कॅलेंडर भिंतीवरूनच मिठी नदीच्या पाण्यात गेलं. अण्णांनी २००६ चं कॅलेंडर आणलं आणि २६ जुलैच्या चौकोनात एक वर्ष उशिराने लिहिलं: 'गेल्या वर्षी या दिवशी पाणी माळ्याच्या फळीला. सं. ७.'

त्याच दिवसाची सरकारी नोंद सगळ्या मुंबईला पाठ आहे. सांताक्रूझ, २४ तासांत ९४४ मिलिमीटर. पण त्याच २४ तासांत, त्याच मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत पाऊस पडला फक्त ७३ मिलिमीटर. दोन वेधशाळांमध्ये पंचवीसेक किलोमीटरचं अंतर. एकीकडे माणसं गाड्यांच्या टपांवर रात्र काढत होती आणि दुसरीकडे जुलैतला एक साधा पावसाळी दिवस चालला होता. तेव्हा 'मुंबईत त्या दिवशी किती पाऊस झाला?' या प्रश्नाला एका आकड्यात उत्तरच नाही. ९४४ हे विमानतळाजवळच्या एका भांड्यात पडलेल्या पाण्याचं उत्तर आहे. विहार तलावाजवळ तर हजाराच्या पुढे नोंद झाली.

अशा आकड्यांचं मला लहानपणापासून वेड आहे. मुंबईच्या हवामानात ते हवे तितके सापडतात. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता. आज पंधरा अंश झाले तरी आपण कपाटातले स्वेटर बाहेर काढतो. १४ एप्रिल १९५२ ला तिथेच ४२.२ अंश नोंदले गेले आणि तो विक्रम सत्तर वर्षांनंतरही उभा आहे. ५ जुलै १९७४ ला कुलाब्यात एका दिवसात ५७५ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे दक्षिण मुंबईलाही तिची स्वतःची २६ जुलै होऊन गेली आहे, फक्त ती आता फारशी कुणाला आठवत नाही. हे सगळं वाचायला गंमतीचं आहे, आणि गंमत म्हणून वाचलं तर माझी काही तक्रार नाही.

माझी तक्रार 'विक्रमी' या शब्दाच्या वापराबद्दल आहे. मुंबईत पाणी भरलं, कुणी दगावलं, लोकल बंद पडल्या की दुसऱ्या दिवशी पहिलं वाक्य ठरलेलं असतं: विक्रमी पाऊस झाला. वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. पण ते माहिती म्हणून उच्चारलं जात नाही, समारोप म्हणून उच्चारलं जातं. विक्रमी पाऊस झाला, त्याला कोण काय करणार? पंचनामा तिथेच मिटतो. सचिनच्या धावांना जो शब्द आपण अभिमानाने लावतो, तोच शब्द कुणाच्या तरी घरातल्या गाळाला लावला की गाळाची जबाबदारी आभाळावर जाते.

२००५ साली तर हा शब्द याहून पुढे गेला होता. भारतात एका दिवसात पडलेला हा सर्वाधिक पाऊस आहे, असं तेव्हा जोरजोरात सांगितलं गेलं आणि आजही लोक तसंच मानतात. ते खरं नाही. चेरापुंजीत १६ जून १९९५ ला एका दिवसात १,५६३ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि लक्षद्वीपमधल्या अमिनी बेटावर ६ मे २००४ ला, म्हणजे मुंबई बुडण्याच्या जेमतेम सव्वा वर्ष आधी, १,१६८ मिलिमीटर. ९४४ हा महानगरावर कोसळलेला भयंकर पाऊस होता, एवढं पुरेसं आहे. त्याला देशातला पहिला नंबर देण्याची गरज का वाटली असेल? मला वाटतं, विक्रम जितका मोठा, तितकी आपली गटारं लहान असण्याची चूक लहान दिसते, म्हणून.

विक्रमांच्या याद्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवण्यातही धोका आहे. १८८२ च्या जूनमध्ये मुंबईला चक्रीवादळाने झोडपलं आणि लाखभर माणसं मेली, असं जगभरातल्या अनेक याद्यांत वर्षानुवर्षं छापलं जात होतं. अभ्यासकांनी त्या काळची वर्तमानपत्रं आणि कागदपत्रं उघडून पाहिली, तर असं वादळ झाल्याची खूणच सापडेना. लाख माणसं गेल्यावर शहराच्या दफ्तरात एक ओळही उरू नये, हे शक्य नाही. न घडलेली आपत्ती यादीत सव्वाशे वर्षं टिकली, आणि १९७४ ची खरी अतिवृष्टी आपण विसरून गेलो. नोंद नीट ठेवणं हे काही हौशी काम नाही.

आता त्या ९४४ कडे पुन्हा येऊ, कारण तो आकडा जे लपवतो ते जास्त महत्त्वाचं आहे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. हे पाणी चोवीस तासांत सारखं वाटून पडलं असतं तर तासाला चाळीसेक मिलिमीटर झाले असते. ते तसं पडलं नाही. दुपारी अडीचनंतरच्या सहा तासांत त्यातला बहुतेक पाऊस कोसळला, आणि त्यातल्या एका तासात १९० मिलिमीटर. त्याच दुपारी चारच्या सुमाराला समुद्राला ४.४८ मीटरची भरती होती. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा हिशेबाने बांधलेल्या, आणि तेही ओहोटी असेल तर. भरतीच्या वेळी समुद्राची पातळी बहुतेक नाल्यांच्या मुखांच्या वर असते. मग पाणी बाहेर जात नाही, समुद्रच आत यायला बघतो.

म्हणजे कुर्ल्यात पाणी माळ्याच्या फळीला लागलं ते २४ तासांच्या ९४४ मुळे नव्हे. ते एका तासाच्या १९० मुळे, दुपारी चारच्या भरतीमुळे आणि मिठीच्या पात्राचं आपण जे करून ठेवलं होतं त्यामुळे लागलं. अठरा किलोमीटरची ही नदी विमानतळाच्या धावपट्टीसाठी वळवली गेली, काठांवर भराव पडले, पात्रात कारखान्यांचा कचरा साचला. यातली एकही गोष्ट पर्जन्यमापकात दिसत नाही.

दिवसाला १०० मिलिमीटर ही नोंद दोन अगदी वेगळ्या दिवसांची असू शकते. एक, चोवीस तास रिपरिप लागलेला, ज्यात कपडे वाळत नाहीत एवढंच. दुसरा, तासाभरात तेवढंच पाणी ओतून मोकळा झालेला, ज्यात अंधेरीचा सबवे बंद होतो, दादरच्या हिंदमाताला बस अडकते आणि शाळा सुटलेली मुलं छातीभर पाण्यातून घरी येतात. हवामान खात्याच्या वर्गवारीत दोन्ही दिवस 'मुसळधार' या एकाच रकान्यात बसतात, कारण ६४.५ ते ११५.५ मिलिमीटरला तेच नाव आहे. हवामान खात्याला दोष नाही. त्यांची वर्गवारी सगळ्या देशासाठी, शेतीसाठी, धरणांसाठी आहे. दोष आपला, की शहर चालवण्याचं मापही आपण तेच धरून बसलो.

पावसाने जागा बदलल्याचीही उदाहरणं आहेत. ५ ऑगस्ट २०२० ला कुलाब्यात २४ तासांत ३३१.८ मिलिमीटर झाले आणि वाऱ्याचा वेग ताशी १०६ किलोमीटरवर गेला. सांताक्रूझला त्याच्या निम्मा पाऊस. म्हणजे २००५ च्या बरोबर उलट. गिरगाव, चर्नी रोड, मंत्रालयाचा परिसर, जिथे कधी पाणी तुंबत नाही असं म्हणायची पद्धत होती, तिथे लोकांनी त्या दिवशी गुडघाभर पाण्यातून वाट काढली. त्यांच्या तोंडीही हेच होतं: असं कधी पाहिलं नव्हतं.

मला दिसतं ते असं. गेल्या वीस वर्षांत 'असं कधी पाहिलं नव्हतं' हे आपण इतक्या वेळा म्हटलं आहे की आता ते पाहिलेलंच आहे. २९ ऑगस्ट २०१७, सांताक्रूझला ३३१ मिलिमीटर. परळच्या बाजूला एक नामवंत डॉक्टर, पाणी ओसरावं म्हणून उघडलेल्या मॅनहोलमध्ये पडून गेले. २ जुलै २०१९, ३७५ मिलिमीटर. मालाडच्या पिंपरीपाड्यात संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळून तीसहून अधिक माणसं मेली. १७ मे २०२१, तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि भर मे महिन्यात एका दिवसात दोनशेच्या वर पाऊस. यातला प्रत्येक दिवस कुठल्या ना कुठल्या यादीत 'सर्वाधिक' आहे: ऑगस्टमधला, दशकातला, मे महिन्यातला. विशेषण शोधायचंच ठरवलं तर दर वर्षी एखादा विक्रम सापडतो, आणि दर वर्षी तो कारण म्हणून पुढे करता येतो.

सरासरी हा दुसरा आधार. मुंबईत मोसमी पाऊस ११ जूनला पोहोचतो, असं आपण म्हणतो. २०१९ मध्ये तो २५ जूनला आला. २०२५ मध्ये २६ मेला. सहा वर्षांत बरोबर तीस दिवसांचा फरक, आणि मध्ये कुठेतरी ती ११ जून. २०२५ चं आगमन तर ज्ञात नोंदींतलं सर्वात लवकरचं. आधीचा मान २९ मेचा होता, १९५६ चा. त्या मे महिन्यात कुलाब्याने १९१८ पासूनचा विक्रम मोडला. पण माझं लक्ष आहे दुसऱ्या एका तारखेकडे: ३१ मे. नालेसफाईची मुदत. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येणार हे गृहीत धरून ठरवलेली ही मुदत. २०२५ ला पाऊस आला तेव्हा मुदत संपायला पाच दिवस बाकी होते. वरळीचं आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानक उघडून दोन आठवडे झाले होते. पहिल्याच पावसात पाणी फलाटापर्यंत पोहोचलं. तौक्तेचा अनुभव चारच वर्षांपूर्वीचा होता. मेमध्ये मुंबईत दोनशे मिलिमीटर पडू शकतो हे तेव्हाच कळलं होतं. विक्रम नोंदला गेला, वर्तमानपत्रात आला, आणि कंत्राटाच्या कागदावरची तारीख तशीच राहिली.

हे मला सगळ्यात जास्त लागतं. आपण आकडा लिहून ठेवतो आणि त्याच्याकडून काही शिकत नाही.

हंगामाच्या बेरजेचं तर विचारूच नका. सांताक्रूझला जून ते सप्टेंबरचा सरासरी पाऊस २,३०० मिलिमीटरच्या आसपास, कुलाब्यात २,१०० च्या. सप्टेंबरअखेर बातमी येते, 'यंदा सरासरी गाठली', आणि सगळ्यांना हायसं वाटतं. २०२३ चा जुलै सांताक्रूझच्या नोंदींतला सर्वाधिक पावसाचा जुलै ठरला. लगेच पुढचा ऑगस्ट देशभरात १९०१ नंतरचा सर्वात कोरडा ऑगस्ट होता. दोघांची बेरीज करून भागाकार केला की चांगलं वर्ष निघतं. कुर्ल्याच्या माणसाने जुलैत घर धुतलं आणि ऑगस्टमध्ये उकाड्यात काढलं, ते भागाकारात उरत नाही.

आणि एवढा पाऊस पिऊनही मुंबईला पाणी पुरत नाही, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना काही केल्या समजत नाही. रस्त्यावर गुडघाभर पाणी आणि नळाला कपात, दोन्ही एकाच आठवड्यात. १ जुलै २०२३ पासून दहा टक्के कपात होती, ५ जून २०२४ पासून पुन्हा दहा टक्के. कारण साधं आहे. आपलं पाणी येतं भातसा, वैतरणा, तानसा, मोडकसागर इथून, ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांतल्या डोंगरांतून. विहार आणि तुळशी हे दोनच तलाव शहरात आहेत आणि त्यांचा वाटा किरकोळ. सांताक्रूझला विक्रम झाला म्हणून भातसा भरत नाही. शहरावर पडणारं पाणी आपण फक्त संकट म्हणून हाताळतो: लवकरात लवकर समुद्रात घालवायचं. त्याच आठवड्यात शंभर किलोमीटरवरून आणलेलं पाणी जपून वापरायचं. आई म्हणायची, दारातली विहीर बुजवून नदीवर घागर न्यायची.

उन्हाचंही असंच. ४२.२ चा १९५२ चा विक्रम टिकून आहे, मग मुंबई कुठे तापली, असं विचारणारे मला भेटतात. पण मुंबईत माणूस फक्त पाऱ्याने मरत नाही, हवेतल्या दमटपणाने मरतो. घाम वाळला तरच अंग थंड होतं. हवाच पाण्याने जड असली की घाम नुसता वाहतो. म्हणून तर हवामान खातं किनाऱ्यावर ३७ अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करतं, मैदानी भागासारखी चाळिशीची वाट पाहत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला आलेली १४ माणसं उष्माघाताने गेली. त्या दिवशी पाऱ्याने कुठलाही विक्रम केला नव्हता. पत्र्याच्या घरात दुपारी दोनला शिलाई मशीनवर बसलेल्या बाईच्या डोक्यावर किती अंश असतात, ते सांताक्रूझच्या हिरवळीवर, सावलीच्या पेटीत ठेवलेला तापमापक सांगू शकत नाही. तो त्याचं काम चोख करतो. तिच्या घरात कुणी तापमापक ठेवलेला नाही.

विरुद्ध बाजूचं म्हणणंही ऐकायला हवं, आणि ते हलकं नाही. अभियंते म्हणतात, तासाला १९० मिलिमीटर वाहून नेतील अशा वाहिन्या जगातलं कुठलंच शहर बांधत नाही. बांधल्या तर रस्त्याखाली दुसरं काही मावणार नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. २६ जुलैला पाणी भरलंच असतं. पण मग जे असाध्य आहे त्याची सीमा आधी सांगा. २५ ऐवजी ५० मिलिमीटरच्या हिशेबाने वाहिन्या वाढवा, असं मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांवरच्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने १९९३ साली सांगितलं होतं. तो अहवाल धूळ खात पडला आणि शहर बुडाल्यावरच त्याला वेग आला. त्यानंतर उदंचन केंद्रं, म्हणजे पंपाने पाणी समुद्रात टाकणारी केंद्रं, झाली: हाजी अली, ईर्ला, लव्ह ग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध. हिंदमातासाठी भूमिगत टाक्या झाल्या, आणि तिथलं पाणी पूर्वीपेक्षा लवकर उतरतं हे मी स्वतः पाहिलं आहे. म्हणजे करता येतं. मग ज्या दिवशी तासाला ४० मिलिमीटरच पडला आणि तरी सबवे भरला, त्या दिवसाला विक्रमाचं पांघरूण घालता येणार नाही. ९४४ हा आकडा त्या लहान, दर वर्षीच्या, टाळता येण्याजोग्या दिवसांच्या पाठीशी ढालीसारखा उभा केला जातो, आणि माझा विरोध त्याला आहे.

दुसरं म्हणणं असं की हे सगळं हवामानबदलाचं आहे, महापालिका त्याला काय करणार? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यांना लागणारी वाफ अरबी समुद्रातून येते. म्हणजे आपल्या दाराशी असलेला समुद्र तापतो आहे आणि ढगांच्या हातात जास्त पाणी देतो आहे. पण याचा अर्थ नेमका उलटा निघतो. अतिवृष्टी क्वचित येणारी पाहुणी असती तर तिच्या नावावर खापर फोडणं एक वेळ समजलं असतं. ती आता घरातली झाली आहे. तिचं ताट वाढून ठेवावंच लागेल.

नोंद किती मनापासून ठेवता येते, हे याच शहराने एकदा दाखवलं आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तिथे हवामानाबरोबर पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही नोंद होत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेने नाजूक उपकरणांचे आकडे बिघडणार, हे वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या लक्षात आलं. मग ट्राम धावण्याच्या आधीच, १९०४ मध्ये, ती उपकरणं खाडीपलीकडे अलिबागला हलवली गेली. तिथे इमारतीत लोखंड वापरलं नाही. आणि जुनी व नवी नोंद एकमेकींशी जुळावी म्हणून दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं. चुंबकाची सुई किती थरथरली, यासाठी एवढी काळजी. त्यामुळे आज जगात त्या नोंदमालेला मान आहे. मी अलिबागला ती जुनी इमारत पाहिली तेव्हा मला राहून राहून वाटलं, कुर्ल्यातल्या पाण्यासाठी एवढी काळजी कुणी घेतली तर?

साधनं आज त्याहून कितीतरी जास्त आहेत. २००५ च्या पुराच्या चौकशीसाठी नेमलेल्या माधवराव चितळे यांच्या समितीने जे सुचवलं त्याच्या आसपासच शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकं बसायला सुरुवात झाली. आता अग्निशमन केंद्रांच्या, शाळांच्या, पालिकेच्या इमारतींच्या गच्च्यांवर अशी साठाहून अधिक केंद्रं आहेत. कुलाब्याच्या जोडीला २०२२ पासून वेरावलीचं रडार आहे. वांद्र्यात किती पडला आणि मुलुंडमध्ये किती, हे आता दर काही मिनिटांनी कळू शकतं. तरी संध्याकाळच्या बातम्यांत अजून 'कुलाबा इतके, सांताक्रूझ इतके' हेच दोन आकडे, आणि चर्चा त्यांच्यावरच.

माझी मागणी पर्जन्यमापक वाढवण्याची नाही. पाऊस आणि त्याने केलेलं नुकसान एकाच ओळीत लिहा, एवढीच आहे. आज पाऊस हवामान खात्याच्या वहीत असतो, भरती बंदराच्या तक्त्यात, पंप किती वाजता सुरू झाला ते पालिकेच्या रजिस्टरमध्ये, रुळांवरचं पाणी रेल्वेच्या दफ्तरात, आणि घरात आलेलं पाणी कुठेच नाही. या चार वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तर कुठल्या तासाला, किती पावसाला, कुठलं ठिकाण भरलं आणि किती वेळात रिकामं झालं, हे शेंबडं पोर सांगेल. गांधी मार्केट, मिलन सबवे, शीवचा रोड नंबर २४, कुर्ल्याचा लालबहादूर शास्त्री मार्ग: प्रत्येक ठिकाणची अशी पंधरा-वीस वर्षांची नोंद मराठीत, कुणालाही पाहता येईल अशी उघडी हवी. आणि त्याच्यापुढे पालिकेने दर मेमध्ये एक रकाना आधीच भरून द्यायचा: या ठिकाणी तासाला इतक्या मिलिमीटरपर्यंत, अमुक मीटर भरती असली तरी, पाणी तुंबणार नाही. त्या मर्यादेच्या वर गेलं तर निसर्ग. खाली असताना भरलं तर जाब.

आपल्या जुन्या लोकांना हे सुचलं होतं. आई जून-जुलै म्हणत नसे. तिचा पाऊस मृगाचा, आर्द्राचा, मघांचा असे. तारखा चुकायच्या, हे खरं. नक्षत्रांवर नालेसफाई ठरवा असं माझं म्हणणं नाही. पण सप्टेंबरअखेर हस्ताचा पाऊस गडगडायला लागला की ती म्हणायची, 'पडेल हत्ती तर कोसळतील भिंती.' पाऊस कधीचा, तो कसा पडतो आणि त्याने काय मोडतं, तिन्ही गोष्टी एका दमात. चार महिने भिजून मऊ झालेली मातीची भिंत शेवटच्या जोरदार सरीला धरत नाही, हे ज्यांनी पाहिलं त्यांनीच ते रचलं असणार. पिंपरीपाड्याच्या वेळी मला ती ओळ आठवत होती. ३७५ हा आकडा सगळ्यांनी सांगितला. भिंत कुणाची, कधी बांधली, पाणी निघायला तिच्यात वाट होती का, हे प्रश्न आकड्याच्या मागे राहिले.

आमची चाळ आता नाही. पुनर्विकासात गेली. नव्या इमारतीला खाली पार्किंगचे दोन मजले आहेत, माझ्या घरात पाणी कधी येणार नाही. पण रस्त्याची उंची वाढली आणि आमच्या आवाराचीही, त्यामुळे समोरची वस्ती आता आमच्यापेक्षा दोन हात खोल आहे. जे पाणी पूर्वी आमच्या तिसऱ्या पायरीला लागायचं, ते आता तिथल्या ओट्यांवरून आत जातं. त्या गल्लीतल्या मावशी पावसाळ्यात पलंगाचे पाय विटांवर चढवून ठेवतात, जून ते ऑक्टोबर. त्यांचं माप पायरी नाही, वीट आहे. २०२४ च्या जुलैत, ज्या पहाटे शहरात काही ठिकाणी सहा तासांत ३०० मिलिमीटर झाले, त्यांनी मला सांगितलं होतं, 'ताई, तीन विटा बुडल्या.'

अण्णांच्या गुंडाळ्या मी गेल्या दिवाळीत उघडल्या. कागद पिवळा पडला आहे, पेन्सिल अजून वाचता येते. एका वहीत मी तक्ता करायला घेतला आहे: तारीख, वेळ, पायरी, त्या वेळची भरती. मावशींच्या विटा आणि अण्णांच्या पायऱ्या एका मापात आणायला सुताराकडून टेप आणली. पायरी सात इंचांची होती, वीट तीन. या मेमध्ये वस्तीच्या तोंडाशी असलेल्या विजेच्या खोलीच्या भिंतीवर आम्ही इंचांच्या खुणा रंगवणार आहोत, ऑइल पेंटने, रस्त्यापासून आठ फुटांपर्यंत. पाणी चढेल तेव्हा कुणी ना कुणी वेळ लिहील, आणि उतरेल तेव्हाही.